मदत हवी आहे: पावसाळ्यात स्प्रे प्रायमर पांढरा पडतोय, गणपतीआधी मावळे रंगवून व्हायला हवेत

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत राहतो. यंदा घरच्या गणपतीला पावनखिंडीचा देखावा करतोय. मावळे आणि सिद्दी जौहरच्या फौजेतले शिपाई, सगळे २८ मिमीचे. बरेचसे मित्राकडून रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतलेत, थोडे प्लॅस्टिकचे आहेत. सगळे धुऊन, वाळवून, चिकटवून तयार आहेत, गाडी अडलीये ती फक्त प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर.

स्प्रे कॅनचा मॅट काळा प्रायमर मारला की दहा-पंधरा मिनिटांत त्यावर पांढरट धुकं धरतं. सगळीकडे सारखं नाही, पागोट्याच्या घड्या, ढालीची मागची बाजू, अंगरख्याच्या चुण्या, म्हणजे जिथे रंग जाड बसतो तिथे जास्त. आणि काही मावळ्यांवर धुकं अजिबात नाही पण अंग रव्यासारखं खरखरीत, मिशी कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नाही इतकं. बाजीप्रभूंचा चेहरा असा झाला तर मला चालणारच नाही, बाकी काही का होईना.

आधी रेझिनवर संशय होता, कारण ते यूव्ही प्रकाशात नीट क्युअर झालं (पक्कं कडक झालं) नसेल तर वरचा रंग चिकट राहतो हे माहितीये. पण प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघितलं तर तिथेही तेच पांढरं. म्हणजे दोष रेझिनचा नाही. कॅन नवीन आहे, मारायच्या आधी दोन मिनिटं हलवतो, अंतर साधारण फूटभर, जागा गॅलरी, तिथे वारा असतो. घरातल्या मीटरवर दुपारी २९ डिग्री आणि ७८ टक्के आर्द्रता दिसते, सकाळी तर ८५ च्या वर.

माझ्या समजुतीप्रमाणे रंगातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि तो दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) खाली गेला की हवेतलं पाणी ओल्या रंगावरच बसतं. हिशोब केला तर २९ डिग्री आणि ७८ टक्क्यांना दवबिंदू २५ च्या जवळ येतो, म्हणजे मॉडेल जेमतेम चार डिग्रीने थंड झालं की खेळ खलास. एसी लावलेल्या खोलीत २५ डिग्री आणि ५५ टक्के मिळतात, तिथे दवबिंदू १५ च्या आसपास. फरक एवढा मोठा आहे की सरळ बेडरूममध्येच स्प्रे मारावासा वाटतो. मारू का? की मॉडेल एसीत ठेवून, पटकन गॅलरीत आणून मारून परत आत न्यायचं? उघडीप मिळेपर्यंत थांबा असं कृपया सांगू नका, गणपती थांबणार नाहीत.

आणि जे पांढरे पडलेत ते वाचतील का?

---

प्रतिसाद:

निदान बरोबर आहे तुमचं. पण दोन्ही बेत सोडा.

बंद खोलीत कॅन मारू नका. त्यातला गॅस पेट घेणारा असतो, एसी चालू, स्विचची एक ठिणगी पुरते. शिवाय वास दिवसभर जात नाही, आणि साधा एन-९५ मास्क धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही, त्याला कार्बनच्या कार्ट्रिजवाला मास्क लागतो. दुसरा बेत तर त्याहून वाईट. एसीतून आणलेलं मॉडेल २५ डिग्रीचं असेल आणि बाहेरचा दवबिंदूही २५ च्या जवळ, म्हणजे ते जरासं गार झालं की त्याच्यावर पाणी बसणार. चष्मा घालून एसीतून बाहेर पडलात की काच धुरकट होते ना, तेच.

उलटं करा. मॉडेल बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कोमट हवं. हेअर ड्रायर लांबून फिरवा, हाताला जेमतेम ऊब लागेल इतपतच, बारीक भाले-तलवारी वाकतात. वेळ दुपारची, पाऊस थांबलेला. एक झटका मारायचा, थांबायचं, पुन्हा ड्रायर, मग दुसरा. एका दमात काळं करायला जाऊ नका, घड्यांमध्ये जाड बसतं ते त्यामुळेच. आणि सलग दाबून धरलं की कॅनही गार पडतो, प्रेशर उतरतं, थेंब थुंकायला लागतो.

खरखर मात्र दमटपणाची नाही. फूटभर अंतर आणि वर वारा, थेंब हवेतच अर्धा सुकून पोचतोय. खोक्याचा आडोसा करा आणि २० सेंमीवर या.

पांढऱ्यांना नुसती चिकटपट्टी लावून ओढून बघा, रंग निघाला नाही तर बिनधास्त पुढे रंगवा, वरच्या रंगाखाली धुकं दिसत नाही. खरखरीतवाले धुवावे लागतील, पण रेझिन आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) रात्रभर ठेवू नका, फुगतं आणि चिरा जातात.

चेहरे महत्त्वाचे आहेत म्हणता तर त्यांना कॅन लावूच नका. व्हॅलेहो कंपनीचा पाण्यातला प्रायमर ब्रशने, दोन पातळ हात, मध्ये पूर्ण सुकू द्या आणि वरचा रंग दुसऱ्या दिवशी. पावसात तो हळू सुकतो पण पांढरा पडत नाही.

---

धन्यवाद दादा, एसीचं तर लक्षातच आलं नसतं. बाजीप्रभू आणि पुढच्या रांगेतले ब्रशने करतो, बाकीची फौज ड्रायर लावून कॅनने. रेझिनवर ब्रशचा प्रायमर नखाने निघतो असं ऐकलंय, तुमचा काय अनुभव? धुताना रेझिनला साबण चालेल ना?