विटीदांडूतलं वकट-लेंड-मूंड, खरा क्रम कुठला?

पूर्वभागची_लेक
रविवारी वडिलांनी माझ्या पोराला विटीदांडू शिकवायला घेतला, अंगणात गल खणली, दांडू घरच्याच लाकडाचा तासला आणि अंतर मोजायला लागले, वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वै, झक्कू. मी म्हटलं पप्पा मधलं ऐद राहिलं की, आम्ही सोलापुरात साखर पेठेत वकट लेंड मूंड नाल ऐद आर झक्कू म्हणायचो. ते ऐकेचनात, म्हणे ऐद बिद काय नसतंय. आणि पोरानं दोन दिवसात त्याचं वकट, लंडन, मून करून टाकलं, आता बिल्डिंगमधली सगळी पोरं लंडनच म्हणलालेत. मला खरंच वाईट वाटलं, आपल्या पिढीपर्यंत आलेलं असं बिघडत चाललंय. बरोबर कुठलं ते कुणी सांगेल का, पोराला सुधारून सांगायचंय.

घरी_तेलुगू
ताई, हे तेलुगू आकडे आहेत. ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. आमच्या घरी बोलताना वोकटी असंच ऐकू येतं, त्याचंच वकट. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु होतं, म्हणजे सुरुवात तरी तिकडची नाही, आर मात्र दोन्हीकडे सहाच. आणि जुन्या तेलुगू लिखाणात मूडुमध्ये अर्धा अनुस्वार असायचा, त्यामुळे मूंडमधला तो नाकातला आवाज मला चुकून आलेला वाटत नाही, आपल्या पोरांनी तो सांभाळून ठेवलाय. लहानपणी गल्लीतली मराठी पोरं वकट लेंड ओरडायची तेव्हा मला वाटायचं हे आमच्या अम्मम्माची, म्हणजे आजीची, भाषा कुठं शिकले. तुमच्या पप्पांचा आर पाचव्या जागी आलाय बघा, पाच दांडू मोजून तोंडात सहाचा शब्द! ऐद तुमचं बरोबर आहे.

देवरूखहून_सोलापूर
वरची माहिती छान, पण एक सांगतो, हे आपल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर वस्तीमुळे सोलापुरात आलं असं कुणी धरू नका. मी कोकणातला, वाडीत तेलुगू बोलणारं एक घर नव्हतं तरी आम्ही वकट लेंडच म्हणायचो. खेळ गावोगाव गेला आणि आकडे त्याच्यासोबत गेले, अर्थ वाटेत सुटला.
आणि ताई दोन्ही क्रम मोजून बघा, तुमचे सात, पप्पांचेही सात. कारण ही मोजणी नुसती बडबड नाही, विटीपर्यंत दांडू टाकत जायचं आणि ज्या शब्दावर संपेल त्या पद्धतीनं पुढचा टोला मारायचा. मूंड आलं की आम्ही विटी मुठीवर ठेवायचो, डाव्या हाताची मूठ, अंगठा आत, नाहीतर विटी घसरते आणि मग भांडणं. सात टोले आहेत म्हणून शब्द सातच लागतात. कुठंतरी ऐद गळलं तर दुसरं काहीतरी तिथं बसवावंच लागलं असणार, नाहीतर डावच चालला नसता.

शाळेतली_बाई
मी प्राथमिकला शिकवते, रोज मधल्या सुट्टीत ऐकते. अडम तडम तडतड बाजा मध्ये हुक्का तिक्का लेशमासच्या पुढं प्रत्येक वर्गात वेगळं आहे, चौथीच्या पोरी म्हणतात ते दुसरीत नाही, कारण तिथं शब्दाला काही काम नाही, फक्त ठोका बरोबर पडून राज्य कुणावर येतंय ते ठरलं पाहिजे. पोरं हे आपल्याकडून शिकतच नाहीत, दोन वर्षांनी मोठ्या पोरांकडून शिकतात, धावता धावता, अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं ओळखीच्या शब्दानं भरतात. रेंडुचं लेंड झालं ते असंच झालं असणार, तेव्हा लंडननं एवढं काय बिघडलं? सुधारायला जाऊ नका हो, मोठं माणूस मध्ये पडलं की पोरं खेळच सोडून देतात, माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

पूर्वभागची_लेक
आत्ता पोराला सगळं म्हणायला लावलं. वकट, लंडन, मून, नाल, आर, वायफाय, झक्कू. सात आहेत. मूनला मुठीवरच ठेवतोय. नाही टोकत आता. पप्पांना तेवढं एक ते दहा तेलुगूत ऐकवायचंय, घरी_तेलुगू दादा, व्हॉइस मेसेज पाठवाल का, अम्मम्मांच्या आवाजात जमलं तर फारच बरं.