विजापूर पायी बघायचंय, रूट सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आदिलशाहीचं विजापूर गाडीतून उतर-चढ न करता चालत बघायचा विचार आहे, सोबत आई आहे, तिचे गुडघे जरा कुरकुरतात पण हौस माझ्यापेक्षा जास्त. स्टेशन पूर्वेला म्हणून सुरुवात गोलघुमटापासून (१६५६), सकाळी लवकर, नाहीतर वरच्या सज्ज्यात लोक प्रतिध्वनी ऐकायला इतकं ओरडतात की कुजबुज ऐकायची मजाच जाते. मग जामा मशीद, असर महाल, आर्किल्ल्यातला (म्हणजे शहरातल्या बालेकिल्ल्यातला) गगन महाल, बाराकमान आणि पश्चिमेच्या तटावर मुलूख मैदान तोफ. ही तोफ १५४९ ला अहमदनगरात ओतली, वजन साधारण ५५ टन, आणि तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती कोरलाय, तो मला अगदी जवळून बघायचाय, घाईत नाही. शेवटी इब्राहिम रोजा, तो तटाबाहेर आहे.

आता प्रश्न. आर्किल्ला ते तोफ हा पट्टा चालायला बरा आहे का, की नुसता ट्रॅफिक? उपळी बुरुजाच्या बाहेरून जाणाऱ्या पायऱ्या आईला झेपतील का? ताज बावडी (जुनी मोठी विहीर) आतून बघू देतात का? आणि जुन्या पाणीपुरवठ्याचे ते चौकोनी मनोरे, गंज म्हणतात ते, गल्ल्यांमध्ये नक्की कुठे दिसतील? गुगल मॅपवर नीट सापडत नाहीयेत. एका दिवसात कोंबू की दोन दिवस करू? मला तरी दोन बरे वाटतात, पण जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.