स्थलांतर-दर्जामुळे वाढणाऱ्या शिक्षेचा हिशेब राज्याने कसा द्यावा?

खाडीकाठ (धागाकर्ता)

फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या राज्यपालांनी सह्या केलेल्या कायद्यांमुळे, आरोपी देशात बेकायदा राहत असल्यास त्याच्यावरील गुन्ह्याची श्रेणी एका पायरीने वर जाते. तिसऱ्या श्रेणीच्या फेलनीला, म्हणजे गंभीर वर्गातील गुन्ह्याला, एरवी जास्तीत जास्त ५ वर्षांची कैद असते. ती दुसऱ्या श्रेणीत गेली की मर्यादा १५ वर्षांची होते. २०२४ च्या कायद्यात अशी वाढ हद्दपारीनंतर बेकायदा परतल्याबद्दल दोषी ठरलेल्यांपुरतीच होती. मी या राज्यात बरीच वर्षे राहतो आणि शेजारधर्म म्हणून काही कुटुंबांना न्यायालयाची कागदपत्रे समजावून सांगतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ बातमीपुरता नाही. राज्याने या वाढीव शिक्षांचा अहवाल प्रसिद्ध केला, तर त्यात नेमके काय असावे, म्हणजे सामान्य नागरिकाला त्यावरून काही ठरवता येईल? ‘इतक्या खटल्यांत कलम लावले’ एवढाच आकडा पुरेसा आहे का?

साक्षेप

पुरेसा नाही, आणि त्याचे कारण पुराव्याच्या नियमात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये अप्रेंडी खटल्यात ठरवले की, पूर्वीची दोषसिद्धी वगळता, शिक्षेची कमाल मर्यादा वाढवणारी प्रत्येक वस्तुस्थिती ज्युरीपुढे वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाली पाहिजे. पूर्वीच्या दोषसिद्धीचा अपवाद १९९८ च्या अल्मेंदारेझ-टोरेस निकालातून आला, आणि तो खटलाही हद्दपारीनंतर परतलेल्या माणसाचाच होता. बेकायदा पुनःप्रवेशाच्या त्या संघीय गुन्ह्याला साधारणपणे २ वर्षांपर्यंत कैद आहे, मात्र हद्दपारीपूर्वी गंभीर वर्गातील गुन्हा सिद्ध झालेला असल्यास ती २० वर्षांपर्यंत जाते.

स्थलांतर-दर्जा ही दोषसिद्धी नव्हे. म्हणून तो सरकारी पक्षाने सिद्ध करायला हवा, आणि ते दिसते तितके सोपे नाही, कारण दर्जा संघराज्याच्या कायद्याने ठरतो आणि काळानुसार बदलतो. व्हिसाची मुदत संपलेला, आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेला, तात्पुरते संरक्षण मिळालेला अशा प्रत्येकाची स्थिती वेगळी असते. प्रत्यक्षात बहुतेक फौजदारी प्रकरणे ज्युरीपर्यंत पोहोचतच नाहीत, ती कबुलीच्या तडजोडीत, म्हणजे आरोपीने सौम्य आरोपाच्या वा शिक्षेच्या बदल्यात गुन्हा मान्य करण्यात, संपतात. तेव्हा वाढीव कलम किती जणांवर लावले, तडजोडीत किती जणांवरून काढून घेतले, किती जणांनी दर्जा मान्य केला आणि किती प्रकरणांत ज्युरीने तो सिद्ध मानला, हे चार आकडे वेगवेगळे छापले नाहीत, तर १५ वर्षांची भीती दाखवून मिळवलेली कबुली अहवालात कुठेच दिसणार नाही. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे.

ऑस्टिनकर

आकडेवारीच्या बाजूने थोडे लिहितो. टेक्सासचा सार्वजनिक सुरक्षा विभाग १ जून २०११ पासूनच्या अटकांची अशी आकडेवारी प्रसिद्ध करतो. अटकेनंतर घेतलेले बोटांचे ठसे संघराज्याच्या गृहसुरक्षा खात्याच्या नोंदींशी ताडले जातात आणि त्यावरून दर्जा कळतो. पण ज्याचा स्थलांतर यंत्रणेशी पूर्वी कधीच संबंध आला नाही, त्याचे ठसे तिथे नसतात. असे काही जण पुढे तुरुंगात गेल्यावर ओळखले जातात, म्हणून त्यांची नोंद निराळ्या गटात होते. ही दोन्ही गटांची बेरीज कशी करावी यावरून अभ्यासकांत खरोखरच वाद झाले आहेत.

याच राज्याच्या २०१२ ते २०१८ च्या अटकांवर आधारलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण कागदपत्रांविना राहणाऱ्यांपेक्षा अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांत दुपटीहून अधिक आढळले. हा निष्कर्ष काढता आला, कारण अभ्यासकांनी अटकांच्या संख्येला त्या-त्या गटाच्या लोकसंख्येने भागले. केवळ वाढीव शिक्षांची यादी छापणाऱ्या अहवालात हा भाजक नसतो, कारण हे कलम नागरिकांना लागूच होत नाही. अशी यादी वाचून ‘हे लोक अधिक गुन्हे करतात’ असे म्हणणे चूक आहे, आणि ही चूक वारंवार होताना पाहून वाईट वाटते.

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. मग ही माहिती गोळा करण्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल का? आणि देहदंडास पात्र गुन्ह्यात अशा आरोपीला मृत्युदंडच द्यावा, अशीही तरतूद २०२५ मध्ये झाली आहे. ती टिकेल का?

साक्षेप

यंत्रणेचा पाया आधीच घातलेला आहे. फ्लोरिडाने २०१८ मध्ये फौजदारी न्यायाच्या माहितीबाबत कायदा केला, आणि त्यानुसार प्रत्येक काउंटीच्या (आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयीन लिपिकाने प्रकरणनिहाय माहिती राज्याच्या पोलीस विभागाकडे पाठवायची असते. त्या माहितीत आरोपीचे नागरिकत्व, लागू असेल तिथे स्थलांतर-दर्जा, आणि गुन्ह्याची श्रेणी वाढवणाऱ्या बाबी यांचा समावेश आहे. म्हणजे रकाने ठरलेले आहेत. ते एकमेकांशी जोडून, काउंटीनिहाय प्रसिद्ध करावेत एवढीच मागणी करायची आहे. राज्यात ६७ काउंट्या असल्या तरी सरकारी वकिलांची परिमंडळे २० च आहेत, त्यामुळे एखाद्या परिमंडळात कलम सर्रास लावले जाते आणि शेजारच्या परिमंडळात क्वचितच, असे असेल तर ते लगेच उघड होईल.

सक्तीच्या मृत्युदंडाबाबत सांगायचे, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये वुडसन निकालात असा दंड घटनाबाह्य ठरवला आहे. आपल्याकडेही जन्मठेप भोगणाऱ्याने खून केल्यास फाशीच, असे सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मिठू प्रकरणात रद्द केले. गुन्हेगार कोणत्या वर्गातला आहे एवढ्यावरून न्यायाधीशाचा विवेक काढून घेता येत नाही, हे दोन्हीकडचे सूत्र आहे. त्यामुळे ही तरतूद टिकणे मला फार कठीण वाटते. श्रेणी वाढवणारी कलमे मात्र तशी थेट पडणार नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा तपशीलवार हिशेब मागण्याची निकड अधिक आहे.

खाडीकाठ

आता चित्र स्पष्ट झाले. २०१८ च्या कायद्याचा आधार देऊन हे चार आकडे परिमंडळनिहाय मागणारे पत्र मी आमच्या भागातील राज्य प्रतिनिधींना लिहीत आहे. मसुदा याच धाग्यावर ठेवीन, आपण दोघांनी तो कृपया तपासून द्यावा.