विषय: निखिलला आलेलं ज्युरीचं पत्र आणि १४ तारखेची मुंज (तातडीचं)

मंगला, दांडिया बाजार

बडोद्याच्या आपल्या मंडळाच्या ई-मेल यादीवरच्या सगळ्यांना नमस्कार. माझ्या निखिलला लंडनला कोर्टाचं पत्र आलंय, ज्युरीत (खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य लोकांत) बसायला या म्हणून. ९ मेपासून दोन आठवडे. आरवची मुंज १४ ला आहे. वाडी (कार्यालय) ठरलीय, त्याचं तिकीट काढून झालंय, आणि मामाच नसला तर बटूला बोहल्यावर कोण घेऊन येणार? निखिलचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, मग त्याला बोलावतात कसे? पत्र खरं आहे की फसवणूक? ज्यांना माहीत असेल त्यांनी आजच कळवा.

श्रीकांत, अलकापुरी

मंगलाताई, पत्र खोटं आहे, फाडून टाकायला सांगा. मी न्यू जर्सीत बावीस वर्षं काढली. ज्युरीत फक्त तिथले नागरिक घेतात. ग्रीन कार्डावर असताना मलाही दोनदा पत्र आलं होतं. ‘नागरिक नाही’ अशी खूण करून परत पाठवलं, विषय संपला. त्याच्याकडे बँकेचा नंबर मागितलाय का, तेवढं बघा.

वृषाली, हॅरो

श्रीकांतदादा, कृपा करून असं सांगू नका. अमेरिकेचा नियम इथे लागत नाही. इंग्लंडमध्ये ज्युरीची नावं मतदार यादीतून काढतात, आणि भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे राहणारा भारतीय पासपोर्टवाला मतदार यादीत नाव घालू शकतो. निखिलने घातलं असणारच. वय १८ ते ७५, आणि तेराव्या वर्षानंतर किमान ५ वर्षं इथे वास्तव्य, एवढं बसलं की बोलावणं येऊ शकतं. फाडून टाकलं तर १,००० पौंडांपर्यंत दंड होतो.

काकू, घाबरू नका. पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यात ‘जमणार नाही’ न लिहिता ‘पुढे ढकला’ असं लिहायचं, कारण द्यायचं आणि पुढच्या १२ महिन्यांत कधी मोकळा आहे ते कळवायचं. तिकिटाची प्रत जोडू दे. पण अशी सवलत एकदाच मिळते, तेव्हा नवी तारीख घेताना दिवाळीचाही विचार करायला सांगा.

अण्णा, रावपुरा

यादीवर कायद्याचा प्रश्न आला की आधी मला फोन करायचा, हे मंडळात ठरलेलं आहे. फोन आला नाही. असो, वृषालीने सांगितलं ते बरोबर आहे.

मुलाला एवढं सांगा की हे काम टाळण्यासारखं नाही. आपल्याकडे ज्युरी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने गेली, म्हणून आपल्या मुलांना तिचं वजन कळत नाही. १९०८ मध्ये लोकमान्यांना दोषी ठरवलं ते नऊ जणांच्या ज्युरीने, सात विरुद्ध दोन मतांनी. ते सात जण युरोपीय होते आणि दोघे पारशी. ज्या मराठी लेखांवरून खटला, ते मराठी जाणणारा त्या नवांत कोण होता? पुढे १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटींच्या खून खटल्यात ज्युरीने त्यांना आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू इतकी लावून धरली होती की मुंबईत कुणाच्या कानावर ती पडली नाही असं झालं नसेल. म्हणून सांगतो, खुर्चीत बसलं की बाहेरचे कान बंद. आपल्या बडोद्यातही मल्हारराव गायकवाड महाराजांवर १८७५ मध्ये ज्युरीपुढे खटला चाललाच होता.

मधुकर, मांजलपूर (मूळचे लष्कर, ग्वाल्हेर)

अण्णा, माफ करा, तो ज्युरीचा खटला नव्हता, चौकशी आयोग होता. रेसिडेंट (दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप होता. आयोगात सहा जण. कलकत्त्याचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच आणि आणखी दोन इंग्रज, समोर आमचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मत तीन-तीन पडलं, तिघा हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. तरीही सरकारने महाराजांना गादीवरून उतरवलं. हाच तर फरक आहे. आयोग मत देतो आणि ऐकायचं की नाही ते सरकार ठरवतं. ज्युरीने ‘निर्दोष’ म्हटलं की इंग्लंडच्या न्यायाधीशाला त्या माणसाला सोडावंच लागतं.

अण्णा, रावपुरा

आयोग होता, मान्य. लिहिण्याच्या भरात चुकलं. पण ‘आमचे’ जयाजीराव कशाला? मल्हारराव महाराज आमचे होते आणि त्यांचा पक्ष बडोदे-ग्वाल्हेर दोन्ही गावांनी मिळून घेतला.

सुलभा, वारसिया

वाडीची उरलेली रक्कम कुणाकडे द्यायची? मंगलाताई, मी तीनदा विचारलं. आणि हे ज्युरीतले ‘पंच’ म्हणजे पंचनाम्यावर सही करतात तेच का? आमच्या यांना एकदा पोलिसांनी रस्त्यात थांबवून सही घेतली होती.

अण्णा, रावपुरा

नाही. पंचनाम्याचा पंच साक्षीदार असतो, त्याने पाहिलं तेवढंच सांगायचं. ज्युरीवाला खटल्याआधी काही पाहिलेला नसावा लागतो. आरोपी, साक्षीदार, वकील, कुणी ओळखीचं निघालं तर त्याने तिथल्या तिथे सांगायचं.

मंगला, दांडिया बाजार

तारीख बदलून मिळाली, सप्टेंबर. वृषाली, तुझे फार उपकार झाले. सुलभा, रक्कम माझ्याकडेच दे.

*(सप्टेंबर)*

मंगला, दांडिया बाजार

निखिल सोमवारपासून कोर्टात जातोय. चोरी-मारामारीचं काहीतरी आहे [कोर्टाचं नाव आणि बाकीचा मजकूर काढला – यादी चालक]. रोज रात्री फोन करतो पण एक अक्षर सांगत नाही. ‘आई, विचारू नकोस’ एवढंच. मला वाईट वाटलं. चेहरा ओढलेला दिसतो. आईला सांगितलं तर काय बिघडतं?

श्रीकांत, अलकापुरी

सांगायला काही हरकत नाही. अमेरिकेत पुढे नागरिक झाल्यावर बोलावलं तेव्हा माझी निवड झाली नव्हती. ‘पोलिसाच्या शब्दावर इतरांपेक्षा जास्त विश्वास ठेवाल का?’ असं विचारलं, मी हो म्हणालो, घरी पाठवलं. पण माझा शेजारी बसला होता, खटला संपल्यावर त्याने सगळं सांगितलं, आत कोण कसं भांडलं तेसुद्धा. [निखिलला आरोपीचं नाव नेटवर शोधायला सांगणारं वाक्य काढलं – यादी चालक]

वृषाली, हॅरो

यादी चालक, कृपया श्रीकांतदादांचं शेवटचं वाक्य आत्ताच्या आत्ता काढा. काकू, ते निखिलला वाचूनही दाखवू नका.

ज्युरीत असताना खटल्याबद्दल नेटवर शोधणं इथे गुन्हा आहे, २०१५ च्या कायद्यापासून. २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जे आरोपीसमोर, दोन्ही वकिलांसमोर मांडलं गेलं, तेवढ्यावरच ठरवायचं. नेटवर काही सापडलं तर ते खोटं आहे म्हणण्याची संधी आरोपीला कोण देणार?

मीही बसले होते. गीतेवर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा माझा आवाज कापत होता. समोरचा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा होता. न्यायाधीशांनी आम्हाला सांगितलं की कायदा मी सांगेन, काय घडलं ते तुम्ही ठरवायचं, आणि गुन्हा घडल्याची तुमची खात्री झाली तरच ‘दोषी’ म्हणायचं. ‘बहुतेक केलं असावं’ म्हणजे खात्री नाही. शंका असेल तर चिठ्ठी लिहून न्यायाधीशांना विचारायचं. टिपणं खोलीतच ठेवून यायची. आधी बाराही जणांचं एकमत व्हावं लागतं. किमान २ तास १० मिनिटं गेल्यावर, तेही न्यायाधीशांनी परवानगी दिली तरच, दहा-दोन चालतं. एखादा सहकारी नियम मोडताना दिसला तर ते निकालाआधी सांगायचं, नंतर नाही.

त्या खोलीत कोण काय बोललं ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही आणि कधी सांगणारही नाही. अमेरिकेत नंतर बोलता येत असेल, इथे ते जन्मभर गुप्त ठेवायचं असतं. पण काकू, निखिल जेवला का, झोपला का, हे जरूर विचारा. मला त्या दिवसांत त्याचाच आधार होता.

श्रीकांत, अलकापुरी

हे मला माहीत नव्हतं. वाक्य काढा.

यादी चालक

दोन्ही मेल दुरुस्त केल्या आहेत. ज्यांच्याकडे जुन्या प्रती आल्या असतील त्यांनी त्या पुसाव्यात, पुढे पाठवू नयेत. निखिलचं काम संपेपर्यंत हा विषय यादीवर बंद.

मंगला, दांडिया बाजार

मी काल रात्री फक्त ‘जेवलास का?’ एवढंच विचारलं. खिचडी केली होती म्हणाला, आणि बराच वेळ आरवबद्दल बोलला. सुलभा, मुंजीच्या फोटोंचा पेनड्राइव्ह तुझ्याकडे राहिलाय, त्याला दोन-चार फोटो पाठवायचे आहेत.