इचलकरंजी सोडतोय. सहा वर्षांचा लॅब्रेडॉर कुणाकडं द्यावा?

खर्चीवाला (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे. आधी परिस्थिती सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला बरं पडेल.

आमचे आठ साधे यंत्रमाग होते, खर्चीवर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं, आम्हाला फक्त मजुरी, तीही पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, मोजून. मजुरी आहे तिथंच राहिली आणि वीजबिल, जॉबर (माग दुरुस्त करणारा), कांडीवाली (कांड्यांवर सूत भरणारी), सुटे भाग सगळं वर गेलं. २७ अश्वशक्तीच्या आतल्या मागांना युनिटमागं जादा एक रुपयाची सवलत सरकारनं दिली. चांगलं केलं. पण सवलत चालत्या मागाला मिळते, आणि आमच्याकडं निम्मा महिना बीमच (उभं सूत गुंडाळलेला मोठा रूळ) नसायचं. दिवाळीनंतर माग भंगारात घातले. वडील ज्या मागावर शिकले तोही किलोवर गेला. ते रडगाणं इथं नको.

मला चाकणला एका कंपनीत स्टोअरला काम लागलंय, कंत्राटी. पोरगी दहावीला आहे, म्हणून मी एकटाच आधी तिकडं गेलोय. परीक्षा झाली की आई, बायको, दोन्ही पोरं तिकडं येणार. इथलं घर आणि खालचा कारखाना दोन्ही कर्जात गेलं, मार्चअखेर ताबा द्यायचाय. तिकडं दोन खोल्या बघितल्यात. घरमालकानं फोनवर भाड्याच्या आधी विचारलं, "कुत्रंबित्रं नाही ना?"

आहे. वस्ताद नाव. काळा लॅब्रेडॉर, सहा वर्षांचा. पिल्लू असताना कुणाचंच ऐकायचा नाही, म्हणून आईनं हे नाव ठेवलं. कारखान्याच्या दारातच वाढला. माग चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, त्या आवाजात हा बीमच्या बाजूला पाय वर करून झोपायचा. अंगावर कायम रुई. सकाळी काळा असायचा, संध्याकाळपर्यंत करडा व्हायचा. लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांना गल्लीतली सगळी कुत्री कुठंतरी दडी मारून बसायची आणि हा अंगणाच्या मधोमध. माग गेल्यापासून मात्र भांडं पडलं तरी दचकून उठतो. शांतता त्याला सोसत नाही असं आपलं मला वाटतं.

लोकांना वाटतं खायला घालणं परवडत नाही म्हणून कुत्रं देतात. खाण्याचं काही अडत नाही हो. दहा किलोची पिशवी दोन-अडीच हजारांना आणायचो, ती कधीच बंद केली. आता ज्वारीची भाकरी, भात, चिकनवाल्याकडचे पाय आणि माना. त्यानं कुरकूर केली नाही, उलट खूश आहे. गेल्या पावसाळ्यात गोचीड ताप झाला, तेव्हा रक्ततपासणी, सलाईन, इंजेक्शनं मिळून नऊ हजार गेले. तेही बायकोनं भिशीतून काढले. पण खोलीचं काय करायचं? भाकरी अर्धी करता येते, दोन खोल्यांत सहावा जीव मालकाच्या नजरेआड ठेवता येत नाही.

आतापर्यंत तिघं पुढं आलेत. एक जण पंधरा हजार द्यायला तयार आहे. त्यानं एकच विचारलं, "प्युअर आहे का, कागद आहेत का?" दुसरे शिरोळकडचे एक बागायतदार, मळ्यात राखणीला पाहिजे म्हणतात. तिसरा माझा मेव्हणा, हुपरीला चांदीच्या कामात असतो. पण तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि त्याच्या बायकोला कुत्र्याचा केस ताटात दिसला तर घर डोक्यावर घेते.

तर विचारायचं हे: कुणाला द्यावा, हे कसं ओळखायचं? सहा वर्षांचं जनावर नव्या घरी रुळतं का? आणि वर्षभरासाठी कुणाकडं ठेवून परत नेता येतं का, की तेही त्याच्यावर अन्यायच?

स्पष्टवक्ता (पुणे)

राग मानू नका, पण कुत्रा म्हणजे मिक्सर नव्हे, घर बदललं की देऊन टाकायला. उद्या पैसे कमी पडले तर आईला कुणाकडं ठेवणार का? अशा लोकांनी पाळूच नये. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं हा गुन्हा आहे.

खर्चीवाला (इचलकरंजी)

राग नाही. आणला तेव्हा आठ माग दोन पाळ्यांत चालू होते आणि घर स्वतःचं होतं. बाकी आईचं म्हणाल, तर ती तुमचं वाचून हसली. म्हणाली, "मला कोण नेतंय का विचार, कागद आहेत माझे."

आण्णा, वाळवा (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)

खर्चीवाले, तुमच्या मातोश्रींना नमस्कार.

आधी कायद्याचं उरकतो. त्या कायद्याच्या कलम ११ मधला तुम्ही म्हणता तो भाग जनावर बेवारस सोडून देण्याबद्दल आहे, म्हणजे ते उपाशी-तहानलेलं हाल काढेल अशा ठिकाणी कारणाशिवाय टाकून जाणं. नीट घर बघून दुसऱ्याच्या हवाली करणं हा गुन्हा नाही. आणि स्पष्टवक्ते, पहिल्या वेळी दंड किती ते माहीत आहे का? दहा ते पन्नास रुपये. १९६० सालचा आकडा, आजही तोच. महामार्गावर गाडीचं दार उघडून कुत्रं ढकलून जाणारा त्या पन्नास रुपयांना भीत नाही. जो इथं येऊन विचारतोय, त्याच्यावर तुम्ही कलम लावताय.

आता कामाचं.

पंधरा हजारवाल्याला देऊ नका. ज्याला कुत्रा हवा असतो तो विचारतो: चावतो का, पोरांत राहतो का, काय खातो. कागद विचारणाऱ्याला पिल्लं काढून विकायला नर हवा असतो. त्या धंद्यासाठी २०१७ पासून नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. नोंदणी दाखवा म्हणा, फोन पुन्हा येणार नाही.

माझा जुना उपाय सांगतो. देण्याआधी नसबंदी करून घ्या आणि विचारायला येणाऱ्याला ते पहिल्या वाक्यात सांगा. चाळणी आपोआप लागते. सहाव्या वर्षीही करता येते, फक्त आधी रक्त तपासून घ्यायचं, त्यात तुमच्याकडं गोचीड ताप होऊन गेलाय. खाजगीत खर्च येतो. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुमच्या चाकणच्या वाटेवरच. तिथं शिकवण्याचा दवाखाना आहे, खर्च बराच कमी पडतो. आधी फोन करून वार आणि वेळ विचारा, उगाच हेलपाटा नको.

रेबीजची लस चुकवू नका. सरकारी दवाखान्यात किरकोळ पैशांत होते, आणि ६ जुलै (प्राणिजन्य रोग दिन), २८ सप्टेंबर (रेबीज दिन) यांच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी फुकट शिबिरं लागतात. आमच्या दवाखान्यात लोक म्हैस आणायचे, कुत्रं आणायला लाजायचे. सरकारी दवाखाना म्हणजे ढोरांचा, असं डोक्यात बसलंय. गावातला असा दवाखाना माहीत नसल्यामुळं लोक कर्ज काढून खाजगीत जातात, हे मी नोकरीभर बघितलं.

मळ्यातल्या बागायतदाराकडं स्वतः जाऊन या. साखळी बघा. खांबाला घासून गोल खळगा पडला असेल तर आधीचं कुत्रं दिवसभर बांधलेलं होतं. आधीचं कुत्रं कशानं गेलं, तेही विचारा. आणि लॅब्रेडॉर राखणीचा नसतो. तो चोराला बॅटरी धरेल. बागायतदाराला हे आजच सांगा, नाहीतर दोन महिन्यांत त्याचा भ्रमनिरास आणि वस्ताद रस्त्यावर.

मोशीची मावशी

भाऊ, मी चाकणपासून जवळच राहते, भाड्याच्याच घरात, दोन मांजरं आणि एक गावठी कुत्री घेऊन. म्हणून खोलीबद्दल बोलते.

पुष्कळ जण तुम्हाला सांगतील की सोसायटी कुत्र्याला बंदी करू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना आहे. ते खरंय. पण ते सोसायटीपुरतं. भाडेकरारात मालकानं "प्राणी ठेवणार नाही" लिहून घेतलं आणि तुम्ही सही केलीत, तर ती सूचना दाखवून फारसा उपयोग नाही. अकरा महिन्यांनी तो करार वाढवणार नाही, एवढंच. तेव्हा भांडून खोली मिळवायच्या नादी लागू नका.

दलालाकडं फ्लॅट बघू नका. चाकण, आळंदी, खेडच्या बाजूला गावठाणातली जुनी घरं असतात, मालक शेजारीच राहतो, पुढं पडवी, मागं गोठा होता ती जागा रिकामी. त्या लोकांना कुत्र्याचं काही वाटत नाही, त्यांचीच दोन फिरत असतात. भाडं थोडं कमीच असतं, फक्त संडास बाहेर आणि पाणी एक वेळ. हे तुमच्या मिसेसना चालेल का, ते त्यांना विचारा. तुम्ही परस्पर हो म्हणू नका, पाणी त्यांना भरायचंय.

आणि मालकाला फोनवर सांगू नका. वस्तादला घेऊन जा. फोनवर "कुत्रा" म्हटलं की माणसाला दात दिसतात. माझ्या आत्ताच्या मालकानं नाहीच म्हटलं होतं. कुत्री त्यांच्या नातवाच्या पायाशी जाऊन बसली आणि विषय संपला. दरवेळी असं होईल असं नाही. मी आधी पाच-सात नकार खाल्लेत.

कुरुंदवाडची सून

दादा, रुळतो का, त्याबद्दल माझ्याकडचं सांगते.

२०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीतलं एक कुटुंब नातेवाइकांकडं गेलं ते परत आलंच नाही. घराची भिंत पडली होती, दुकानातला माल गेला होता. त्यांची पॉमेरेनियन आम्ही ठेवली. सात वर्षांची होती. पहिले आठ-दहा दिवस दाराकडं तोंड करून बसायची, खायची ते रात्री सगळे झोपल्यावर. मग एक दिवस सासूबाईंच्या पाठीला पाठ लावून झोपली आणि तेव्हापासून त्यांचीच झाली. त्या बाई नंतर भेटायला आल्या, तर तिनं शेपूट हलवली, अंगावर उड्या मारल्या, आणि त्या निघाल्यावर आमच्याच घरात परत आली. त्या रिक्षात बसून खूप रडल्या. मला काय बोलावं सुचलं नाही, मी चहाला थांबा म्हणत राहिले.

म्हणून सांगते, रुळतो. तुम्हाला ते सोसेल का, एवढंच बघा. वर्षभरानं परत न्यायचं असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन या, आणि ठेवून घेणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगा की हा सांभाळायला दिलाय. कागदावर लिहा: लस कोण करणार, आजारी पडला तर खर्च कुणाचा, मधेच त्यांना जमेनासं झालं तर तुम्हालाच फोन करायचा, तिसऱ्याला द्यायचा नाही. नात्यात असेल तर जास्तच लिहा. नात्यात सगळं तोंडी राहतं आणि तोंडच बंद होतं.

आम्हाला एका गोष्टीचा फार त्रास झाला. तिला कुठले शब्द कळतात तेच माहीत नव्हतं. आम्ही "बस" म्हणायचो, ती नुसती बघायची. त्यांच्या घरी "कूतको" म्हणायचे, कन्नड. तुम्ही वस्तादचे शब्द लिहून द्या. आणि दचकतो म्हणालात तेही लिहा, नाहीतर नवा माणूस म्हणेल भित्रं कुत्रं गळ्यात मारलं.

खर्चीवाला (इचलकरंजी)

सगळ्यांचे आभार. शिफ्ट सुटल्यावर वाचलं, म्हणून उशीर.

पंधरा हजारवाल्याला आण्णांनी सांगितलं तसं नोंदणीचं विचारलं. "बघतो" म्हणाला आणि गप्प झाला. बागायतदारांना लॅब्रेडॉर राखणीचा नसतो हे सांगितलं, तर म्हणाले, मग राहू द्या, आम्ही शिकारी जातीचं बघतो. सरळ माणूस, त्यांच्यावर राग नाही.

मावशी, बायकोला विचारलं. संडास बाहेर चालेल म्हणाली, पण सासूबाईंच्या गुडघ्याचं काय? तिचं बरोबर आहे. रविवारी खेडच्या बाजूला दोन घरं बघणार आहे. तुम्ही म्हणता तशी पडवी असेल आणि संडास घराला लागून असेल, तर आगाऊ देऊन टाकतो. नाही जमलं तर हुपरीचा मेव्हणा तयार आहे, सहा महिन्यांसाठी, लेखी. त्याच्या बायकोनं अट घातली आहे, कुत्रा गच्चीवर आणि केस तिनं झाडायचे नाहीत. मेव्हणा झाडणार म्हणे. बघू.

शब्द लिहायला पोरगी बसली. आम्हाला वाटलं चार-पाच निघतील. तिनं अभ्यासाच्या वहीचं अख्खं पान भरलं. त्यात "बीम आलं" पण आहे. ते म्हटलं की हा उठून दारातून बाजूला व्हायचा, हमाल आत यायचे म्हणून. नव्या घरी त्याचा काय उपयोग म्हटलं, तर म्हणाली, राहू दे, कुणी सामान घेऊन आत येत असेल तर म्हणता येईल.

आण्णा, एक राहिलं. चिकनवाल्याकडचे पाय आम्ही उकडून देतो. हाडं काढून द्यायची की तशीच?

आण्णा, वाळवा (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)

काढूनच. उकडलेलं हाड टोकदार फुटतं, आतड्याला लागतं. रस्सा भातावर घाला, त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. आणि माना रोज देऊ नका, आठवड्यातनं दोनदा पुरे, बाकी दिवस अंडं चालेल. शिरवळला जायचं ठरलं की आदल्या रात्रीपासून त्याला उपाशी ठेवायचं का, ते फोनवरच विचारून घ्या.