कोलेस्टेरॉलसाठी बिंबलाचा रस: रोज किती घ्यावा?

सुरंगी_साखळी
परसातलं बिंबलाचं (बिलिंबीचं) झाड यंदा बुंध्यापासून लगडलंय. सासऱ्यांचं (वय ६१) एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक कृती घरात सगळ्यांना पटली आहे: पंधरा हिरवी बिंबलं मिक्सरला लावायची, पाणी अजिबात घालायचं नाही, फडक्यातून पिळायची आणि सकाळी अनशापोटी ग्लासभर घ्यायची. असं २१ दिवस. ‘चरबी विरघळते’ म्हणे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, ती ‘रस असेपर्यंत बंद ठेवा’ असंही त्यातच लिहिलंय. रस किती घेतला तर चालेल, आणि त्यात मध घालावा का?

रसायन_फोंडा
मधाचं नंतर बघू. हा रस घेऊच नका, अर्धा ग्लाससुद्धा.

हिशेब करून बघा. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल ग्रॅममागे साधारण ८ ते १४ मिलिग्रॅम असतं, कच्च्या हिरव्या फळात वरच्या अंगाला. एक फळ २० ग्रॅमचं धरलं तर पंधरा फळं ३०० ग्रॅम. म्हणजे २४०० ते ४२०० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट (म्हणजे हेच आम्ल), आणि ते विरघळणारं असल्याने बहुतेक सगळं रसात उतरतं. चोथा फेकता तेव्हा फक्त तंतू फेकता. मुतखडा झालेल्या माणसाला दिवसभराच्या जेवणातून १०० मिलिग्रॅमच्या आत राहा असं सांगतात. इथे एका ग्लासात त्याच्या चोवीसपट, चाळीसपट जातंय.

पोटात कॅल्शियम असेल तर ऑक्झॅलेट तिथेच त्याला चिकटून शौचावाटे जातं. अनशापोटी चिकटायला काही नसतं, म्हणून जास्तीचा भाग रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात. तिथे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक बनून बारीक नलिका तुंबतात. नाव अ‍ॅक्यूट ऑक्झॅलेट नेफ्रोपॅथी. केरळात बिंबलाला इरुंबन पुळी म्हणतात. तिथल्या दहा रुग्णांचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी हाच रस प्यायला होता, सगळ्यांची किडनी अचानक बसली. सात जणांना डायलिसिस लागलं, तिघे औषधपाण्यावर सावरले.

आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन परस्पर बंद करू नका. १० मिलिग्रॅमची ती गोळी एलडीएल साधारण ३५ ते ४० टक्के उतरवते.

हळसांदे
उगाच घाबरवू नका हो. सुंगटां-बिंबलांचं हुमण (कोळंबीची आमटी) अख्खा गोवा खातो. मिठातली बिंबलं बरणीत नाहीत असं घर दाखवा. कोणाची किडनी गेली? आणि कोलेस्टेरॉल उतरतं हे संशोधनात आलंय, मुळात नसतं तर लोक करतील कशाला?

रसायन_फोंडा
हळसांदेबाब, हुमणाचा मुद्दा बरोबर आहे, त्याला कोणी नको म्हणत नाही. पाच माणसांच्या हुमणात चार बिंबलं पडतात. प्रत्येकाच्या वाट्याला एकही पूर्ण फळ येत नाही, तेही भात, नारळ, मासळीबरोबर, आणि रोज नाही. ग्लासात एकट्या माणसाला पंधरा, रिकाम्या पोटी, ओळीने २१ दिवस. फळ तेच, पण हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पितळेची समई बिंबलाने घासून बघा, काळपट थर दोन मिनिटांत उतरतो. ‘चरबी विरघळते’ ही कल्पना बहुधा तिथूनच आली असावी. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल म्हणजे समईवरचा डाग नव्हे. त्याचं बरंचसं यकृत बनवतं, आणि स्टॅटिन नेमकं तिथेच काम करते.

संशोधनाबद्दल: पानांच्या आणि फळांच्या अर्काचे प्रयोग उंदरांवर झालेत आणि त्यांत साखर-चरबी उतरलेली दिसते. उंदराला मोजून दिलेल्या अर्कावरून माणसाचा ग्लास ठरत नाही.

मग लोकांना गुण कसा येतो? एलडीएलचा आकडा काही न करताही सात-आठ टक्के इकडेतिकडे होतो. रस सुरू करणारा माणूस त्याच आठवड्यात तळलेलं आणि फरसाण सोडतो. गोळी आधीपासून चालू असते. श्रेय मात्र ग्लासाला जातं.

माटोळी
करमलाचं (स्टारफ्रूटचं) पण लिहा कोणीतरी. गणपतीवरच्या माटोळीला बांधतात ते पिवळं, पाच धारांचं. बिंबलाचंच भावंड आहे आणि ‘मधुमेहाला चांगलं’ म्हणून त्याचाही रस निघतो.

डायलिसिस_तंत्रज्ञ
करमलात ऑक्झॅलेट तर आहेच, शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर काम करणारं विष आहे. ब्राझीलच्या संशोधकांनी ते २०१३ मध्ये वेगळं काढलं. किडनी ठणठणीत असेल तर ते लघवीतून निघून जातं आणि एखादं फळ खाऊन काही होत नाही. किडनी आधीच अधू असेल तर साठतं. अशा माणसाला एक फळ, कधी अर्धं फळसुद्धा पुरतं.

पहिली खूण उचकी. साधी नव्हे, काही केल्या न थांबणारी. मग उलट्या, बरळणं, झोपाळलेपणा, पुढे फिट. घरचे उचकीला साखर-पाण्यावर नेतात आणि वेळ जातो. उपाय हेमोडायलिसिस, लवकर आणि गरज पडली तर परत परत. पोटातून करायचं डायलिसिस यात पुरं पडत नाही. म्हणून डायलिसिसवरच्या, किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेल्या कोणालाही करमल आणि बिंबल दोन्ही वर्ज्य. प्रसादाची फोडसुद्धा नको.

मधुमेहींची गंमत (गंमत कसली) अशी की अनेकांची किडनी आधीच थोडी उतरलेली असते आणि त्यांना पत्ता नसतो. त्यांनाच हा रस सुचवला जातो.

सुरंगी_साखळी
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं. सासऱ्यांनी सोमवारपासून चार दिवस रस घेतलाय, ग्लास नाही, चहाचा कप. काल रात्रीपासून मळमळ आणि कमरेत भरल्यासारखं वाटतंय. लघवी होते. व्हिटॅमिन सीची १ ग्रॅमची गोळीही ते घेतात. आता ताक पाजू का?

डायलिसिस_तंत्रज्ञ
ताकाने झालेलं मागे फिरत नाही. आज संध्याकाळच्या आत डॉक्टरांना दाखवा. उद्यावर टाकू नका.

रस आणि व्हिटॅमिन सी दोन्ही आत्ता बंद. व्हिटॅमिन सी जास्त मात्रेत घेतलं की त्याचा काही भाग शरीरात ऑक्झॅलेटच होतो, म्हणजे दोन्हीकडून भर. कमरेसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम काही देऊ नका, या गोळ्या तुंबलेल्या किडनीवर आणखी मार करतात. ब्लडप्रेशरची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर पाकीटच बरोबर न्या. मेटफॉर्मिन आणि ‘प्रिल’, ‘सार्टान’ने शेवट होणारी औषधं किडनी बसली असता बदलावी किंवा थांबवावी लागतात, पण ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही.

क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम आणि लघवीची साधी तपासणी. लघवीच्या रिपोर्टवर विसंबू नका, या आजारात तो बऱ्याचदा जवळजवळ स्वच्छ येतो. सोनोग्राफीतही किडनी नेहमीच्या आकाराची दिसते. चावी क्रिएटिनिनमध्ये आहे. लघवी ‘होते’ हे पुरेसं नाही, मोजा. एक लिटरची बाटली कापून त्यावर खुणा करा आणि २४ तासांची बेरीज ठेवा. ४०० मिलिलिटरच्या खाली आली की थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ, मध्ये कुठे थांबू नका.

आणि डॉक्टरांना ‘बिंबलाचा रस, रोज एक कप, चार दिवस, अनशापोटी’ असं स्पष्ट सांगा. ‘घरगुती काढा’ म्हटलं की ते गुळवेलीच्या नाहीतर कसल्या दिशेने जातात. शंका राहिली तर बायॉप्सीत ध्रुवित प्रकाशाखाली ते स्फटिक चमकताना दिसतात, पण बायॉप्सी करायची हे त्यांना सुचायला रसाचं नाव कानावर पडायला हवं.

हळसांदे
माघार घेतो. तरी दुधीचा रस तरी निर्धोक ना? तो तर सगळेच पितात.

रसायन_फोंडा
कडू नसेल तर. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटॅसिन नावाचं विष असतं. रस घेतल्यावर थोड्याच वेळात पोटात पिळवटून कळ, उलट्या, रक्ताचीसुद्धा, आणि रक्तदाब घसरतो. उतारा नाही. अशी प्रकरणं घडल्यावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) सल्ला दिला होता तो साधा आहे: आधी कापून छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेका, आणि त्यात दुसरा कसला रस मिसळू नका. लोक नेमकं उलट करतात. कडवटपणा झाकायला कारलं, आवळा, पुदिना घालतात, मग जिभेला इशारा द्यायला वाव राहत नाही.

बिंबलाला तर जिभेचा इशारा असतो, दुसऱ्या घोटाला दात आंबतात. म्हणून मध. सुरंगी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे: मध घातल्याने ऑक्झॅलेट तितकंच राहतं, फक्त जास्त प्यायलं जातं.

माटोळी
झाड तोडू नका मात्र. फळं उभी दोन फाकी करून मीठ लावा, काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या बरणीत एक दिवस ठेवा. अ‍ॅल्युमिनियम आणि बिनकल्हईचं तांबं-पितळ नको, आंबट चरतं. सुटलेलं पाणी ओतून द्या, हुमणाला वापरू नका, त्यात ऑक्झॅलेट उतरलेलं असतं. मग तीन-चार कडक उन्हं. हुमणाला दोन फाकी पुरतात, बाकीच्या आंबटाला सोलं (आमसुलं) आहेतच.

सुरंगी_साखळी
रक्त दिलं. क्रिएटिनिन १.१ आलं, रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलंय. म्हणजे सुटलो ना? डॉक्टर सात वाजता भेटतील.

डायलिसिस_तंत्रज्ञ
छापलेल्या ‘नॉर्मल’वर जाऊ नका. कोलेस्टेरॉल तपासलं त्या कागदावर जुनं क्रिएटिनिन असेल, ते काढा. तेव्हाही १.१ असेल तर बरं. ०.८ असेल तर ०.३ ने चढलंय. ४८ तासांत ०.३ चढलं की किडनीला मार बसला असं धरतात, मग आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात का असेना. दोन्ही कागद सात वाजता बरोबर न्या, आणि ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये परत रक्त द्यायचं हे आजच ठरवून घ्या.

सुरंगी_साखळी
जुना कागद सापडला. ०.९. निघतोय.