संदेश अर्धवट पोहोचत असल्यास चाचणी-क्लायंट कसा असावा

एक क्लायंट (सर्व्हरला जोडला जाणारा प्रोग्रॅम) जोडला असताना संदेश-सर्व्हर नीट चालतो, मात्र वाहतूक वाढली की संदेश तुटून किंवा एकमेकांना चिकटून पोहोचतात, ही आपण मांडलेली अडचण महापे येथील आमच्या कार्यालयातही आली होती. टीसीपी (नेटवर्कवरून माहिती पाठवण्याची पद्धत) हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. संदेशाची सीमा त्याला ठाऊक नसते, त्यामुळे एकदा पाठवलेले समोर एकाच वाचनात मिळेल हे गृहीत धरणेच चूक आहे. १२७.०.०.१ या पत्त्यावर, एकाच यंत्रावर चाचणी घेतली तर ही चूक बहुधा झाकली जाते.

म्हणून चाचणी-क्लायंट साधा, पण मुद्दाम अडचणी निर्माण करणारा असावा. आमचा पायथॉनमधला क्लायंट प्रत्येक संदेशाआधी त्याची लांबी ४ बाइटांत पाठवतो, म्हणजे संदेश कुठे संपतो ते सर्व्हरला कळते. मग कधी त्या ४ पैकी २ च बाइट पाठवून थांबतो, कधी ३ संदेश एकदम पाठवतो, तर कधी संदेश अर्धा असतानाच जोडणी तोडतो. या शेवटच्या प्रकारानेच आमची खरी चूक सापडली: तुटलेल्या जोडणीचा बफर (बाइट तात्पुरते साठवण्याची जागा) रिकामा न होता पुढच्या क्लायंटला मिळत होता. हे शोधायला आमचे दोन दिवस गेले, म्हणून आग्रहाने सांगतो.

नेटकॅट हे जोडणी करून मजकूर पाठवण्याचे कमांड-लाइन साधन हाताने तपासायला उत्तम आहे. याशिवाय, जोडून राहणारा पण काहीच न वाचणारा क्लायंट अवश्य वापरून पाहा. त्याचा बफर भरला की एकाच थ्रेडवर (एका वेळी एकच काम करत) चालणारा, ब्लॉकिंग पद्धतीने (पाठवणे पूर्ण होईपर्यंत थांबून) पाठवणारा सर्व्हर तिथेच अडकतो आणि बाकी सगळ्यांचे संदेश खोळंबतात.